न पाहिलेल्या शब्दाचा तारा

उत्तरेकडच्या एका सरोवरांच्या देशात एकदा एक वृद्ध भाषापंडित राहत असे. कुणीच कधी लिहून न ठेवलेले शब्द शोधण्याची विद्या तो शिकवी. फिन्निश, व्हेप्स अशा भाषांची आई केव्हाच लोपली. पण लेकींच्या बोलण्यावरून आईचे बोलणे ओळखायचे, अशी ती विद्या.

त्याच्या लाडक्या शिष्येने 'पाणी' हा शब्द घेतला होता. फिन्निश माणूस पाण्याला 'वेसी' म्हणतो, व्हेप्स माणूस 'वेझी'. पण 'पाण्याचे' म्हणायचे झाले की तोच फिन्निश माणूस 'वेदेन' म्हणतो. हा 'द' आला कुठून? मूळचा 'त' तिथे लपला होता. त्याचा माग काढत शिष्या आईच्या तोंडच्या 'वेत्सी' या शब्दापर्यंत पोहोचली आणि त्याची सारी विभक्तिरूपे तिने मांडली.

अशा शब्दाआधी एक छोटा तारा काढायचा, हा त्या विद्येचा रिवाज. तारा म्हणजे, हा शब्द कुणी पाहिलेला नाही.

सभेचा दिवस उजाडला. गुरूची गादी तिला मिळणार की नाही, हे आज ठरणार होते. शिष्येला वाटले, तारा पाहून सभेतले पंडित म्हणतील, 'या तर कल्पनेच्या भराऱ्या!' म्हणून फळ्यावर लिहिताना तिने तो हळूच गाळला.

गुरूने ते पाहिले. तो उठला, त्याने खडू घेतला आणि 'भावी आचार्य' म्हणून शिष्येचे नाव लिहिले. नावाआधी एक ठसठशीत तारा काढला.

सभेत खसखस पिकली. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"गुरुजी, माझी एवढीही खात्री नाही तुम्हाला?" ती पुटपुटली.

"अगं वेडे," वृद्ध हसला, "तुला आचार्य झालेली कुणी पाहिली आहे? मीही नाही. पण तुझी चिकाटी पाहिली, चूक कबूल करतानाचा तुझा चेहरा पाहिला. त्यावरून सांगतो, तू होशील. डोळ्यांना दिसते त्यावर कुणीही विश्वास ठेवतो, त्यात कसली माया? न पाहिलेल्यावर पुराव्यानिशी ठेवलेला विश्वास, त्याची खूण हा तारा. तो गाळलास की उरते ती नुसती बढाई."

शिष्येचे डोळे भरून आले. तिने खडू घेऊन 'वेत्सी'आधी तारा काढला.

"आणि उद्या नवा पुरावा निघाला तर?" मागून एका खवचट पंडिताने विचारले.

"तर हा शब्द पुसून दुसरा लिहीन." तिचा आवाज जराही कापला नाही.

गुरू गादीवरून बाजूला सरकला. "ये, बस," तो म्हणाला.

आपली लेकरे अजून काहीच झालेली नसतात, तेव्हाच त्यांना अशी जागा करून द्यायची असते.