पाचवं घर

“आणि केस?” आप्पांनी विचारलं.

“केस मीच कापणार. मशीन घेतलंय. तिकडे न्हाव्याकडे एकदा गेलं की आपल्याकडचा आठवड्याचा किराणा गेला समजा.”

“दाढी?”

“वाढवणार.”

“थंडीत बरं असतंय,” आप्पा म्हणाले.

मल्लिनाथला वाटलं, स्वारी खूश झाली. तो आणखी सरसावून बसला.

निलंग्याच्या वेशीबाहेर आप्पांचा मठ. मोठा नाही, नावाजलेलाही नाही. लहानपणी मल्लिनाथनं इथंच पाटीवर अक्षरं गिरवली होती. पुढं तो इंजिनिअर झाला, पुण्यात राहून जर्मन शिकला, आणि आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात त्याला दोन वर्षांसाठी जागा मिळाली होती. एकदा जागा मिळाली की माणसाच्या चालण्यात फरक पडतो. याच्याही पडला होता. मठाच्या पायऱ्या तो दोन दोन करून चढला होता.

अडचण एवढीच होती की विद्यार्थी म्हणून तिकडे जाणाऱ्याला वर्षभराच्या पोटापाण्याचे पैसे आधीच खात्यात भरून दाखवावे लागतात. बँकेचं कर्ज झालं होतं, तरी थोडे कमी पडत होते. महिनाअखेरपर्यंत ते भरले नाहीत तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर जागा गेली. मठाकडे गरजू पोरांसाठी थोडा निधी होता. तो मागायला मल्लिनाथ रातोरात पुण्याहून बसनं आला होता. दुपारच्या बसनं परतही जायचं होतं. घरी कळवलं नव्हतं. कळवलं की आई उगाच स्वयंपाकात गुंतते.

“जेवण?” आप्पांनी विचारलं.

“एकवेळ.”

“एकवेळच?”

“सकाळी फक्त पाव. संध्याकाळी भात. तुम्हीच शिकवलंत ना आप्पा, गरज कमी केली की माणूस मोकळा होतो. चहासुद्धा सोडला मी. मित्र हसतात. म्हणतात, तू शिकायला चाललास की संन्यास घ्यायला?”

हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. उपाशी राहण्याची हौस अशी असते. पोट भरलेलं असलं की ती फार शोभून दिसते.

मग त्यानं सगळा खर्च तोंडपाठ म्हणून दाखवला. खोलीचं भाडं. विमा. जुनी सायकल. थंडीचा कोट, तोही कोणाचा तरी वापरलेला. पुस्तकं वाचनालयातून. फोन सगळ्यात स्वस्तातला. कुठं अडखळला नाही.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली की काय, असं त्याला वाटलं.

“हे तिकडचं झालं,” आप्पा डोळे न उघडताच म्हणाले. “इकडचं?”

“इकडचं काय?”

“कर्जाचं व्याज कोण भरायलंय?”

“ते घरचे बघणार. व्याज, आणि दुसऱ्या वर्षासाठी दर महिन्याला बाजूला टाकायचे पैसे. बाबांचा आडत दुकानातला पगार आहे. आई साड्यांना फॉल लावते. जमतंय त्यांचं.”

“कोण म्हणालं?”

“आईच म्हणाली. मी विचारलं होतं, आप्पा. न विचारता नाही ठरवलं. दोनदा विचारलं. जमतंय म्हणाली.”

“तुला म्हणाली.”

“हो, मलाच.”

आप्पांनी डोळे उघडले. “हं...” एवढंच म्हणाले.

त्या ‘हं’मध्ये काय होतं ते मल्लिनाथला कळलं नाही. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

“मग निधीचं... काय करायचं?”

“मठाकडं मागायचं असलं तर आधी मठासाठी मागावं लागतंय. रीत ठाऊक हाय न्हवं?”

रीत त्याला ठाऊक होती. मठाचं अन्न रोज भिक्षेतून यायचं. म्हातारे रेवणय्या सकाळी झोळी घेऊन निघायचे, एका गल्लीतली पाच घरं घ्यायचे, जे पडेल ते आणायचे. झोळीवाल्यानं बोलायचं नाही. दारात उभं राहून घंटा वाजवायची. घरातल्यांनी झोळीकडे बघायचं, धरणाऱ्याच्या तोंडाकडे नाही. मठाकडे काही मागायला येणाऱ्याला एक दिवस रेवणय्यांची जागा घ्यावी लागे. मग तो कोणीही असो.

पण हे सगळं आपल्यासाठी आहे असं मल्लिनाथच्या मनातही आलं नव्हतं.

“आप्पा, मी... इंजिनिअर आहे.”

“मग काय झोळी पेलणार नाही तुला?”

“तसं नाही. कुठली गल्ली?”

“तुझीच.”

“आमची? तिथं सगळे ओळखतात मला! परवा शाळेत सत्कार झाला माझा. लोक काय म्हणतील?”

“डोक्यावरनं उपरणं घे. सत्कार दिसायचा नाही.”

मल्लिनाथचे कान तापले. वाटलं, उठावं आणि चालू लागावं. पण महिनाअखेर डोळ्यांपुढं आली. त्यानं खुंटीवरची झोळी ओढली, घंटा उचलली, उपरणं नाकापर्यंत ओढून घेतलं.

“पाचही घरं घे,” आप्पा मागून म्हणाले. “चुकवू नकोस.”

पहिल्या घरी एका बाईनं ओंजळभर ज्वारीचं पीठ टाकलं. दुसऱ्या घरी चपातीची घडी आणि चटणी. तिसऱ्या घरची नवी सून फोनवर बोलत बाहेर आली आणि दहाची नोट टाकायला लागली. झोळीत पैसे चालत नाहीत, आणि बोलायची सोय नाही. मल्लिनाथ जोरजोरात घंटा वाजवत मान हलवत राहिला.

“अगं बाई, आता भिक्षेकऱ्यांनाही पैसे नको झाले,” ती फोनमध्ये म्हणाली आणि आतून भाकरी घेऊन आली.

चौथ्या घरी निवृत्त मास्तर. परवाच्या सत्कारात हार त्यांनीच घातला होता. त्यांनी वाटीभर डाळ टाकली आणि वाकून झोळीला हात जोडले. मल्लिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात थोडं बरंही वाटलं. पुढं कधीतरी, मोठा झाल्यावर, भाषणात सांगण्यासारखी गोष्ट होती ही.

पाचवं घर त्याचं स्वतःचं.

आता मात्र त्याला हसू यायला लागलं. रात्रभराचा प्रवास, पोटात काही नाही. आई दार उघडेल, आपण उपरणं मागं टाकू, ती कपाळाला हात लावेल, चार शिव्या घालेल आणि ताट वाढेल. दाण्याची पोळी तर नक्कीच. रविवारी आलं की ती असतेच. रीत गेली खड्ड्यात, जेवूनच निघू, असं त्यानं ठरवून टाकलं.

दार अर्धं उघडं होतं. पडद्यामागं शिलाई मशीनची घरघर चालली होती. त्यानं घंटा वाजवली.

मशीन थांबलं.

कोणी बाहेर आलं नाही.

त्यानं पुन्हा वाजवली.

“स्वामी, पुढं जावा,” आतून आईचा आवाज आला.

मल्लिनाथ हसायचा थांबला. या दारातून झोळी रिकामी गेल्याचं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आजी गेली त्या दिवशीसुद्धा शेजारणीकडून पीठ आणून आईनं झोळीत टाकलं होतं.

“रागावू नका. चूल पेटली नाही आज. सकाळची पेटवीतच नाही आम्ही आता. रोजच्या रेवणय्यांना ठाऊक हाय, ते सरळ पुढं जातेत. तुमची घंटा येगळी वाजायली... नवीन हाव का तुम्ही?”

तो गप्प उभा राहिला. रीत होती म्हणून नव्हे.

“झोळीपुढं रिकाम्या हातानं यावं वाटंना, म्हणून उठले नाही. दोघंच असताव घरात. सांच्याला एकदा खाताव, भागतंय. मालक तिकडं आडतीवर चहावर काढतेत दिवस. चार महिने काढले, आणखी दोन वर्षं काढू. त्यात काय मोठं!”

आणि ती चक्क हसली. हेच फार वाईट होतं. रडली असती तर पोरगा आत धावला असता.

“लेकरू परदेशी शिकायला चाललंय माझं. लई हुशार हाय. सगळा हिशेब तोंडपाठ हाय त्याचा. पण स्वामी, ते एकच टाइम जेवणार म्हणतंय तिथं. ऐकल्यापास्नं घास उतरंना बघा. त्याला खायाला कमी पडू नये, एवढं मागा देवाला. ते शिकून आलं म्हंजी ओसंडून वाढते तुमची झोळी.”

मशीन पुन्हा सुरू झालं. मग एकदम थांबलं.

“आन हे त्याच्या कानावर घालू नका. रविवारी यील ते.”

दोनदा विचारलं होतं त्यानं. दोन्ही वेळा ती ‘जमतंय’ म्हणाली होती. पोटच्या पोराला जे सांगितलं नाही, ते तिनं दारातल्या झोळीला सांगितलं. आणि त्यानं तरी विचारलं होतं कसं? पुण्याहून, फोनवर, दुसऱ्या हातात वडापाव धरून.

मल्लिनाथनं घंटेचा लोळा मुठीत घट्ट धरला. आवाज होऊ न देता तो मागं सरला.

मठात आप्पा होते तिथंच बसले होते.

“काय पडलं?”

त्यानं झोळी पुढं ठेवली. “पीठ. चपाती. भाकरी. डाळ.”

“ही चार घरं झाली. पाचवं?”

मल्लिनाथ घंटा जागेवर ठेवायला वळला.

“पाचव्या घरी काय पडलं, मल्लू?”

“तुम्हाला ठाऊक होतं!” मल्लिनाथ ओरडला. मठात कोणी ओरडत नाही. “रेवणय्या रोज सांगत होते तुम्हाला. चार महिने ठाऊक होतं! मला का नाही सांगितलं? त्यांना दोन भाकरी का नाही पाठवल्या?”

“पाठवल्या. तुझ्या आईनं परत लावल्या. म्हणाली, माझं लेकरू परदेशी जायलंय, आणि मी मठाचं खाऊ?”

मल्लिनाथ खाली बसला. उपरणं डोक्यावरून काढून म्हणाला, “मी नाही जात.”

“बरं.”

“खरंच नाही जात. कर्ज परत करतो. पुण्यात नोकरी बघतो.”

“मग घरी जा आणि सांग तिला. म्हणावं, तुझे चार महिने वाया गेले.”

तो उठायला लागला होता, तसाच परत टेकला.

“मग जातो,” तो म्हणाला. “जातो, आणि तिथून पैसे पाठवतो.”

“कधी?”

“लगेच.”

“कुठल्या महिन्यात बसतंय ते?”

मल्लिनाथनं तोंड उघडलं. भाडं, विमा, सायकल, कोट... सगळं पाठ होतं. विद्यार्थ्याला काम करायला मोजकेच तास मिळतात, ते त्यानं आधीच धरले होते आणि खर्चून टाकले होते. तो मनातल्या मनात पहिला महिना बघून आला, मग दुसरा, मग थंडीतले. दोन वर्षं पालथी घातली. आईच्या एका भाकरीला जागा निघेना. इतका चोख हिशेब त्यानं केला होता, की त्यात आता बोट घालायलाही फट नव्हती.

“नाही बसत,” तो म्हणाला.

आप्पा कपाटाकडे गेले, निधीचं पासबुक काढून त्याच्यापुढं ठेवलं. “महिनाअखेरच्या आत पडतील पैसे तुझ्या खात्यात.”

ज्यासाठी रात्रभर बसमध्ये अवघडून आला, ते त्याला मिळालं होतं. त्याला हात लावण्याची त्याची छाती होईना.

आप्पांनी झोळी उलटी केली. पीठ आणि डाळ रेवणय्यांकडे दिली. मग ताट घेतलं, त्यात चपाती ठेवली, भाकरी ठेवली, वर चटणी घातली. तांब्या भरून आणला. हे सगळं त्यांनी स्वतः केलं, म्हाताऱ्या गुडघ्यांवर हात टेकत टेकत. आणि ताट मल्लिनाथपुढं सरकवलं.

मल्लिनाथचे डोळे भरून वाहत होते.

“नको, आप्पा. मला घास उतरणार नाही. आजपासून मीही एकवेळच...”

आप्पांनी त्याचा हात धरला आणि ताटावर ठेवला. त्या हातात इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“जेव,” ते म्हणाले. “तुझ्या वाटणीचा उपास घरी चालू हाय.”