भुरीला हाक

फार दिवसांपूर्वी, नदीकाठच्या देवळामागे चंद्री शेळी आपल्या दोन करडांसह सुखात राहत होती. एके सकाळी तिच्या गोठ्यात परकी भुरी आली, एवढंसं करडू. लांडग्याने मागून झडप घालून तिची आई नेली होती.

चंद्रीने तिला आपलं म्हटलं. पण भुरी दाराशी उभ्यानेच डुलक्या घ्यायची आणि मागून कुणी आलं की धाडकन ढुशी द्यायची.

"आई, हिला परत पाठव ना! माझ्या नाकाला टेंगूळ आलंय बघ," धाकटा बोंडू रडत म्हणाला.

शेजारची म्हैस म्हणाली, "चंद्री, दोन ढुशा तूही दे. सुतासारखी सरळ होईल."

"अहो म्हशीबाई, तिला आपण नाही दिसत, लांडगा दिसतो. माणसं देवळात शिरताना घंटा वाजवतात ना? तसं आपणही आधी हाक मारायची आणि समोरून यायचं."

करडांना तर खेळच मिळाला. "भुरेऽ, आम्ही येतोय गंऽ!" म्हैसही चिखलातून हंबरायची, "मी पण येते गं बाई!" तरी कधी ढुशी बसायचीच. मग चंद्री न रागावता मागे सरायची आणि पुन्हा हाक मारायची.

श्रावणातल्या एका दुपारी भुरी आपणहून चंद्रीच्या कुशीत शिरली आणि दाराकडे पाठ करून गाढ झोपली.

"आई, ही किती घोरते गं!" बोंडू कुरकुरला.

"घोरू दे रे राजा," चंद्री हसून म्हणाली, "आणि जरा सरक. तुझ्या बहिणीचे पाय बाहेर राहिलेत."