म्हाताऱ्याची लाडकी काठी

डोंगरांनाही अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. दोन गावांच्या मध्ये एकच कुरण होतं. त्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून जुन्याजाणत्यांनी एक खेळ लावून दिला होता. दोन्ही गावांतल्या एकेकाने काठीने लाकडी चेंडू टोलवत दूरच्या खळग्यात घालायचा. ज्याचे टोले कमी, त्याच्या गावाची गुरं वर्षभर कुरणात चरायची.

वरच्या गावासाठी एका म्हाताऱ्याने वीस वर्षं हा खेळ जिंकला होता. आता त्याचा खांदा धरला होता. त्याने आपल्या जागी एका तरुण कुंभारणीला निवडलं आणि मोठ्या मायेने स्वतःची काठी तिच्या हाती दिली.

कुंभारणीचा टोला जोरकस होता, पण चेंडू दर वेळी उजवीकडे जाई.

"पाय चुकतोय तुझा," म्हातारा म्हणाला. तिने पाय बदलला. चेंडू उजवीकडेच.

"खांदा डावीकडे वळव. अजून. अगं, अजून!" तिने तेही केलं. चेंडू थोडा सुधारला, एवढंच.

एकदा ती भीत भीत म्हणाली, "आजोबा, दुसरी काठी घेऊन पाहू का?"

म्हाताऱ्याने कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती. तो कडाडला, "वीस वर्षं जिंकलेली काठी आहे ती! नाचता येईना, अंगण वाकडं!"

चार महिने ती त्याच काठीने खांदा पिळत राहिली.

खेळाच्या दिवशी तिचा चेंडू उजवीकडच्या ओढ्यात गेला आणि कुरणही गेलं. गावाने तिला नको नको ते ऐकवलं. म्हातारा तिथेच उभा होता. त्याने तिची बाजू घेतली नाही.

त्या उन्हाळ्यात वरच्या गावाची गुरं हाडकली. एके दिवशी म्हातारा काठी घेऊन आपल्या जुन्या मित्राकडे, सुताराकडे गेला आणि पोरीची तक्रार करू लागला. सुतार काठी हातात घेऊन म्हणाला, "अरे, तिला ही दिलीस? कोपर मोडल्यावर तुझा टोला डावीकडे जायचा, म्हणून हिचं टोक तूच माझ्याकडून उजवीकडे वळवून घेतलं होतंस. धड हाताच्या माणसाला ही कशी चालेल?"

म्हाताऱ्याला खरंच आठवलं नव्हतं. आता आठवलं. पोरीचा हात पहिल्यापासून सरळ होता.

त्याने सरळ टोकाची नवी काठी करून घेतली आणि कुंभारवाड्यात जाऊन हात जोडले. "पोरी, खोट काठीत होती, माझ्या गर्वात होती. तू एकदा मारून बघ."

कुंभारणीने चेंडू मांडला. शिकवल्याप्रमाणे पाय ठेवला, शिकवल्याप्रमाणे खांदा वळवला. चेंडू थेट डावीकडच्या काटेरी कुंपणात गेला. दुसराही तिकडेच गेला.

"खांदा सैल सोड, पोरी. मी शिकवलेलं विसर."

"शिकले तेव्हा रात्ररात्र खांदा ठणकायचा, आजोबा," ती शांतपणे म्हणाली. "आता विसरायला सांगू नका."

तिने काठी त्याच्या पायाशी ठेवली आणि ती चाकावर जाऊन बसली. पुन्हा तिने काठीला हात लावला नाही. म्हातारा पुढे पुष्कळ वर्षं जगला, पण नंतर त्याने कोणालाच शिकवलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, दुसऱ्याचा हात सुधारायला जाण्याआधी आपण त्या हातात काय दिलं आहे, ते तपासून पाहावं.