सात गोधड्या आणि एक निळं लुगडं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा थंडी पडली की राजाच्या पलंगावरही गोधडीच लागायची.

त्या काळी नदीकाठच्या एका गावात एक बाई राहत होती. तिला काहीतरी नाव असणारच, पण सगळं गाव तिला सुईवालीच म्हणायचं. तिचा धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ जायचा. कापड कितीही जुनं, कितीही विटकं असो, तिच्या हातात पडलं की त्याची देखणी गोधडी व्हायची.

व्हायची म्हणजे व्हायला लागायची. पुरी व्हायचीच असं काही नाही.

सुईवालीला एक खोड होती. कुणालाही नाही म्हणणं तिला जमायचं नाही. कुणी जुनेराचं गाठोडं घेऊन दारात उभं राहिलं की तिच्या तोंडून 'हो' निघून जायचं आणि मग तिचं तिलाच कळायचं की आपण हो म्हणालो. त्या गावात गोधडी कडेपासून शिवायला घ्यायचे आणि फेऱ्यावर फेरे घालत मध्यापर्यंत जायचे. कडेचे चार फेरे मजेचे. रंग जुळवा, किनार लावा, शेजारणींकडून वाहवा घ्या. पुढचं सगळं काम म्हणजे मान मोडेस्तोवर टाके. त्या टाक्यांपर्यंत पोचायच्या आतच दुसरं गाठोडं दारात हजर! अशा सात गोधड्या तिच्या घरात पडून होत्या. सातही कडेनं झालेल्या, मधून पोकळ.

कुणी विचारलं की बाई वैतागायची. "मला कुणी धड बसू देईल तर ना! एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. दोनच हात आहेत मला!"

दसरा झाला आणि नदीवरचा म्हातारा नावाडी तिच्याकडे आला. त्याच्या काखेत एक लुगडं होतं. गर्द निळं, लाल काठाचं.

"लेकी," तो म्हणाला, "घरधनीण गेली तिला आता तीन वर्षं झाली. तिचं हे एकच उरलंय. याची चार पदरी गोधडी शिवून दे. नदीवरचा वारा आता सोसवत नाही. फक्त यात दुसरं कापड घालू नको. आहे ते तिचंच असू दे."

"हो बाबा," सुईवाली म्हणाली. "थंडी पडायच्या आत देते."

आता तुम्हीच सांगा, एवढं एक काम! पण त्या लुगड्याचा निळा रंग असा काही होता, की बाकीच्या सातही गोधड्या त्याच्यापुढे धुवट दिसायला लागल्या. सुईवालीनं एका गोधडीला त्यातली चार बोटांची पट्टी लावून पाहिली. गोधडी खुलली. मग दुसरीला का नको? एकीला किनार झाली, एकीला मधला चौक झाला, एकीला कोपऱ्यातली फुलं झाली. दर वेळी ती स्वतःला सांगायची, एवढ्याशानं काय होतंय, पुढे असाच निळा मिळेल, भरून काढू. बघता बघता लुगडं सात गोधड्यांत वाटलं गेलं आणि हातात फक्त पदर राहिला.

एवढ्यात गावी जायचं निघालं. तिच्या नवऱ्याचं मूळ गाव नदीपलीकडे, डोंगर ओलांडून दोन दिवसांच्या वाटेवर होतं. तिथे थोरल्या जावेला नातू झाला होता आणि त्याचं बारसं होतं.

"अहो, माझी कामं पडलीयत," सुईवाली म्हणाली.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," नवरा म्हणाला.

"आणि घरची सून बारशाला नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" सासूबाई म्हणाल्या.

झालं. सुईवालीनं हो म्हटलं. निदान रिकाम्या वेळात चार टाके घालू, म्हणून तिनं तो पदर आणि सुईदोरा बरोबर घेतला. प्रवासाला निघताना शिवणकाम बरोबर घेणाऱ्या बायका सगळ्या सारख्याच. ओझं वाहायचं आणि तसंच परत आणायचं.

नदीवर नावाड्यानं विचारलं, "लेकी, माझी गोधडी?"

"बाबा, तुमचंच काम बरोबर घेतलंय," तिनं गाठोडं दाखवलं. पदराचा निळा कोपरा पाहून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं तिला हात धरून जपून नावेतून उतरवलं.

गावी पोचताच जावेनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय गं धाकटे, एवढी गोधडीवाली आजी तू, आणि बाळासाठी साधं दुपटंसुद्धा नाही आणलंस?"

अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. सगळ्या बायका हसल्या. सुईवालीचे कान तापले. "आणलंय की," ती म्हणाली. "फक्त शेवटचा हात फिरवायचाय."

ती परसदारी गेली, निळा पदर काढला, दुहेरी केला आणि दोन दिवस मान वर न करता दुपटं शिवलं. सुरू केलेलं काम तिनं कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच पुरं केलं होतं, आणि ते नेमकं हे. बारशाच्या दिवशी बाळाला त्यावर निजवलं. बायकांनी तोंडभर कौतुक केलं. सुईवालीनं हसून मान डोलावली, पण घास काही गोड लागला नाही.

चार दिवसांचे वीस दिवस झाले. सासूबाईंना प्रत्येक नातलगाच्या घरी जायचं होतं आणि प्रत्येक घरी नातलगांना जेवू घालायचं होतं. जेवण झालं की घरची बाई हात पुसत आत जायची आणि गाठोडं घेऊन बाहेर यायची. "तू आलीच आहेस तर माझ्या आईच्या लुगड्यांचं तेवढं बघ." "माझ्या सासऱ्यांची धोतरं आहेत गं." "घाई नाही हो, संक्रांतीपर्यंत दिलीस तरी चालेल." सुईवालीचा जीव मेटाकुटीला आला. मनात ती हात जोडून म्हणायची, बायांनो, मला सोडा! आणि तोंडानं म्हणायची, "द्या, बघते."

परतीच्या वाटेवर तिच्याबरोबर नऊ गाठोडी होती. नवरा म्हणाला, "हे सगळं घेतलंस कशाला?" ती इतकी चिडली की डोंगर उतरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

नदीवर आले तेव्हा थंडी पडली होती. म्हातारा नावाडी अंगावर गोणपाट गुंडाळून बसला होता. गाठोडी चढली, सासूबाई चढल्या, नवरा चढला आणि नाव कडेपर्यंत पाण्यात बसली. म्हातारा वल्हं मारत होता. नदीच्या मध्यावर आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "लेकी, झाली का गं?"

"अहो बाबा, जरा श्वास तर घेऊ द्या!" सुईवाली तडकली. "ज्याला त्याला माझ्याकडूनच हवंय. आत्ता कुठे येतेय मी!"

 म्हाताऱ्यानं नाव काठाला लावली, गाठोडी एकेक करून उतरवून दिली आणि परत जाऊन गोणपाटात बसला.

घरी येऊन पाहते तो काय, सुया गंजलेल्या, दोऱ्याचा गुंता झालेला, एका गोधडीत मांजर व्यालेलं. कुठला तुकडा कुठल्या गोधडीचा तेच आठवेना. कोपऱ्यात सात अर्धवट गोधड्या आणि समोर नऊ गाठोडी! रोज कुणीतरी यायचं आणि ओरडायचं. जो जास्त ओरडेल त्याची गोधडी ती पुढे ओढायची, दहा टाके घालायची, की दुसरा यायचा. म्हातारा ओरडणाऱ्यांतला नव्हता. त्यामुळे त्याची पाळी आली नाही.

एका सकाळी तो स्वतःच दारात आला. त्याला खोकला झाला होता आणि तो उंबऱ्याला धरून उभा होता.

"लेकी, तुझ्यामागे फार कामं आहेत. मला दिसतंय ते," तो म्हणाला. "शिवायचं राहू दे. लुगडं तसंच दे. चार पदरी करून पांघरतो. तेवढ्यावर माझा हिवाळा निघेल."

सुईवाली आत गेली. तिनं पेटी उघडली, फळीवर पाहिलं, गोधड्या उलथ्यापालथ्या केल्या. काय शोधायचं होतं तिला? लुगडं कुठं गेलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक गोधडीतून ते तिच्याकडे बघत होतं. पण बाहेर जाऊन सांगायला लागू नये म्हणून ती शोधत राहिली.

शेवटी ती बाहेर आली. तिच्या हातात काही नव्हतं.

"बाबा, मी ते कापलं."

"किती?"

"सगळं. या सात गोधड्यांना लावलं. आणि पदराचं दुपटं करून जावेच्या नातवाला दिलं."

म्हातारा उंबऱ्यावर बसला.  मग म्हणाला, "सणालाच नेसायची ती ते. चांगलं दिसत असेल, नाही, त्या गोधड्यांना?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वीस दिवसांचा वैताग, नवऱ्यावरचा, सासूवरचा, जावेवरचा, साऱ्या जगावरचा, तिथल्या तिथे निघून गेला. चिडायला आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिच्याच कपड्यांत उभं होतं.

"बाबा, मला आठ दिवस द्या," ती म्हणाली.

तो गेला आणि ती उसवायला बसली. घातलेला टाका उसवणं घालण्याहून कठीण. जोरानं ओढलं तर कापड फाटतं. तिनं एकेक टाका सुईच्या टोकानं उचलला. पट्टी, चौक, फुलं, सगळं काढलं. गोधड्यांचे मालक आले आणि भडकले.

"अगं, माझी किनार कुठं गेली?"

"ती तुमची नव्हती."

"मग माझी गोधडी कधी देणार?"

"सांगता येत नाही. थांबणार नसाल तर कापड घेऊन जा."

तिघी जणी तणतणत कापड घेऊन गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गावात नाव जाईल ना आपलं!"

"जाऊ दे, आत्याबाई," ती म्हणाली आणि टाका घातला.

आठव्या दिवशी गोधडी झाली. कडेपासून मध्यापर्यंत, एकही टाका न राखता. पण तिनं ती हातानं मोजली आणि तिचा धीर सुटला. गोधडी दीड हात आखूड होती. तेवढा पदर डोंगरापलीकडे होता.

"गावी निरोप धाडू का?" नवऱ्यानं विचारलं.

"बाळाच्या अंगाखालून ओढून घ्यायचं?" ती म्हणाली.

ती नदीवर गेली. म्हाताऱ्यानं गोधडी दोन्ही हातांत घेतली, गालाला लावली. मग खोपटात आडवा होऊन अंगावर ओढली. खांद्यावर घेतली तर पाय उघडे पडले. पाय झाकले तर छाती उघडी पडली.

"बाबा, दुसऱ्या कापडाची पट्टी लावून देते," सुईवाली रडत म्हणाली. "चांगलं जाड कापड आहे माझ्याकडे. आज लावते."

"नको गं. तिचंच आहे तेवढं राहू दे," म्हातारा म्हणाला. त्यानं कुशीवर वळून गुडघे छातीशी घेतले. "हे बघ. असं निजलं की पुरते."

तो सारा हिवाळा नावाडी तसाच मुटकुळं करून निजला. सुईवाली रोज पहाटे नदीवर पाण्याला जायची आणि रोज तिला ते दिसायचं. पुढे गाठोडं घेऊन कुणी दारात आलं, की ती आधी घरातली गोधडी पुरी झाली का ते पाहायची आणि मगच तोंड उघडायची.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, बोध एवढाच: दहा जणांना वाटलेला होकार एकाच्याही अंगावर पुरत नाही.