गोगलगायीची पहिली कादंबरी

माणसाला लिहिता येत नव्हतं, त्या काळी एक गोगलगाय कातळावर आपल्या चंदेरी रेघेने पहिलीच कादंबरी लिहीत होती. गोष्टीतली मुंगी नुकतीच ओढ्यात पडली होती.

खारीने वाचलं आणि म्हणाली, "फारच रेंगाळतेस गं. मुंगी पडेपर्यंत अर्धा कातळ संपला."

कासवाने वाचलं आणि मान हलवली. "इतकी घाई कशाला? मुंगी कधी पडली, मला कळलंसुद्धा नाही."

गोगलगायीला दोघांचंही पटलं. ती खोडायला मागे फिरली. पण गोगलगाय खोडणार कशी? सरपटतच. जे खोडलं त्याच्यावर आणखी एक रेघ उमटली आणि अख्खी गोष्ट दुप्पट ठळक झाली. आपल्याला लिहिताही येत नाही आणि खोडताही येत नाही, असं म्हणून ती शंखात जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी शंखावर टकटक झाली. बाहेर खार आणि कासव दोघंही हजर होती.

"मुंगी वाचली का गं?" खारीने विचारलं.

गोगलगायीने एक शिंग बाहेर काढलं. "भरभर सांगू की सावकाश?"

"ते तुझं तू बघ," कासव म्हणालं, "आधी तिला पाण्यातून काढ."