शिंग दाखवा, खडा टाका

तळ्याकाठच्या एका रानात एक सांबर राहत असे, आणि त्याला आपल्या शिंगांचा कोण अभिमान! पाणी प्यायला वाकले की आधी स्वतःचे रूप न्याहाळायचे, मग तहान भागवायचे. बाळांनो, त्या रानाचा मूळ कायदा फार जुना होता. जो या तळ्याचे पाणी पितो, त्याचा एक खडा. मोठा प्रश्न आला की सगळे वडाखाली जमत. होकाराला पांढरा खडा, नकाराला काळा. मुंगसापासून गव्यापर्यंत कुणालाही कुणी ‘तू कोण?’ असे विचारत नसे.

एका हिवाळ्यात कोल्हा म्हणाला, “पलीकडच्या रानातले चोर येऊन आपल्यात खडे टाकतात. मूळ कायदाच बदलू. ओळख पटली तरच खडा! सांबराने शिंग दाखवावे, रानडुकराने सुळा.” चोर कुणी पाहिला होता? कुणीच नाही. पण सांबर आपले हुरळून गेले. त्याची जोडीदारीण हळूच म्हणाली, “अहो, मला कुठं आहेत शिंगं?” सांबर हसले. “अगं, माझी आहेत ना! घरात एकाची ओळख पटली म्हणजे झालं.” तिने काळा खडा टाकला, तो तिचा शेवटचा. सांबराने ऐटीत पांढरा टाकला आणि कायदा बदलला.

उन्हाळा आला आणि दरवर्षीसारखी सांबराची शिंगे गळून पडली. दरवर्षी पडतात, पण तोऱ्यात त्याला त्याची आठवणच राहिली नव्हती. कोल्ह्याला मात्र होती. त्याने नेमकी तेव्हाच सभा बोलावली. प्रश्न होता, तळ्याकाठचे कुरण बिबट्याला द्यायचे का? त्याच कुरणात सांबराचे पाडस लपवलेले होते, अजून धड उभेही न राहणारे. काळा खडा घेऊन सांबर वडाखाली धावले.

“शिंगं?” कोल्ह्याने विचारले.

“अरे, मी तोच! माझ्याच खड्याने तर हा कायदा झाला!”

“असेल बुवा. पण सांबराला शिंगं असतात. तुम्हाला नाहीत.”

सांबर गळलेली शिंगे आणायला झाडीत पळाले. साळिंदराने ती कुरतडून संपवली होती. उरलेला तुकडा घेऊन ते परतले तेव्हा खडे मोजून झाले होते. काळे दोनच कमी पडले होते, एक त्याचा आणि एक तिचा.

संध्याकाळी, आई पोचण्याआधीच, बिबट्या कुरणात उतरला, अगदी कायद्याने. आई येईपर्यंत हलायचे नाही, असे पाडसाला शिकवलेले होते. ते हलले नाही.

“अहो,” ती पाण्याकडे बघत म्हणाली, “नवी शिंगं कधी येतील?”

सांबराने शिंगाचा तो उरलेला तुकडा तळ्यात टाकून दिला.

तात्पर्य : दुसऱ्याचा हक्क हिरावणारा कायदा आज आपल्या सोयीचा वाटला, तरी त्याला होकार देऊ नये; सोय सरते, कायदा मात्र राहतो.