धवळोबाचा चौकोन

त्या राज्यात जिकडेतिकडे पाणीच होतं. पाण्याचे चौकोन पाडलेले होते आणि प्रत्येक चौकोनात एकेक पक्षी उभा असे. रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या अख्ख्या चौकोनाची खबर एकाच शब्दात सांगायची, तीही फक्त शेजाऱ्याला. चोचीचोचीने शब्द बांधावर पोचत आणि तिथली पिल्लांची घरटी त्या भरवशावर निर्धास्त असत. नदी जिथे उड्या मारत आत शिरे तिथे चौकोन इवलेसे. पाणी जिथे सुस्त, तिथे ऐसपैस.

सर्वांत ऐसपैस चौकोन धवळोबा बगळ्याचा, थेट बांधाच्या पायथ्यापर्यंत. तो आजोबांकडून आलेला, आणि म्हातारा त्यातून असा मिरवत चाले की मासेसुद्धा वाट देत. चौकोन एकदा वाटला की परत मिळत नसे, असा तिथला रिवाज होता. धवळोबाचा शब्द आयुष्यभर एकच: "शांत."

एका सकाळी बांधालगतच्या कोपऱ्यात त्याला एक पान गरगरताना दिसलं. खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि पाणी तिथून गुपचूप निसटत होतं. भोवरा जेमतेम पंजाएवढा, पाण्याची ओढही तेवढ्यापुरतीच. बाकीचं पाणी ढिम्म. धवळोबा सवयीने "शांत" म्हणून गेला. अख्खा चौकोन धरला तर ते खोटंही नव्हतं. पण पकडलेला मासा काही घशाखाली उतरेना. तो पुन्हा कोपऱ्यात गेला, तर पान बुडालेलं. वर बांधावर पिल्लं खाण्यासाठी भांडत होती.

त्याने शेजारच्या भिवराबाई ढोकरीला हाक मारली. "अहो बाई, चौघांना घेऊन या. माझा चौकोन वाटून घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे ना, धवळोबा? वाडवडिलांची जागा ती!"

"जागा फार मोठी आहे हो. भोवरा एवढासा. माझ्या एका शब्दात तो मावत नाही."

भिवराबाई जाऊन चौघांना घेऊन आली. चौकोनाचे तुकडे झाले. बांधाजवळच्या तुकड्याचे आणखी तुकडे, त्यांचेही आणखी, शेवटी भोवऱ्याएवढा एक उरला. तो धवळोबाने हट्टाने स्वतःकडे ठेवला आणि तिथे उभा राहून ओरडला, "ओढ!" शब्द बांधावर पोचला. सगळ्यांनी चोचीचोचीने चिखल आणला आणि दुपारपर्यंत भोक बुजवलं.

संध्याकाळी जो तो आपापल्या चौकोनात जाऊन उभा राहिला. धवळोबाच्या चौकोनात दोन पाय मावेनात. त्याने खाली पाहिलं, एक पाय अलगद उचलून पोटाशी घेतला आणि शेजारणीकडे मान वळवून म्हणाला, "शांत."